मैदानावरून ध्वनिक्षेपकाकडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हांस या व्यासपीठावर बोलावयास सांगितले, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. तीस वर्षांत आमच्या हातून जे लेखन झाले ते टिपणांचे आणि मसुद्यांचे. 'सविनय सादर' याच्या पलीकडे आमची लेखणी फारशी गेलेली नाही. पदवी म्हणाल तर साधी बी. ए. या व्यासपीठावर पूर्वी मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची योग्यता नाही, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून ज्या विषयावर आम्ही आयुष्यभर कान देऊन ऐकत आलो, तोच विषय आज निवडला आहे. खेळाडूचा खेळ संपतो आणि तो ध्वनिक्षेपकासमोर येऊन बसतो, त्या स्थित्यंतराविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

हा विषय सुचण्यास दोन कारणे घडली. एक घरगुती आहे आणि दुसरे या मंडळातलेच आहे. मंडळातले कारण शेवटी सांगू. घरगुती कारण असे की, आमची सेवानिवृत्ती आता फार दूर राहिलेली नाही. दिल्लीतील सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांस हे सांगावयास नको. साठाव्या वर्षी एका संध्याकाळी हार पडतो, चहा होतो, दोन भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी गाडी येत नाही. 'आता काय करणार?' हा प्रश्न जो तो विचारतो, आणि उत्तर देणारा 'आता विश्रांती' असे म्हणून हसतो. त्या हसण्यामागे काय असते, हे येथे बसलेल्या अनेकांस ठाऊक आहे.

आमच्यावर ही वेळ साठाव्या वर्षी येते. खेळाडूवर ती पस्तिशीतच येते, आणि कधी त्याही आधी. ज्या वयात आमच्यासारख्याला पहिली-दुसरी बढती मिळते, त्या वयात त्याचे निवृत्तीचे टिपण तयार होते. पुढे अर्धे आयुष्य पडलेले असते. ज्या शरीराने नाव दिले ते शरीर आता काम देत नाही. ज्याच्यापाशी बोलण्यासारखे काही आहे आणि बोलण्याची हिंमत आहे, त्याच्यासाठी एक वाट मात्र उघडी असते.

या वाटेची एक कथा आपल्या याच दिल्लीत घडली आहे. फिरोजशहा कोटला मैदानावरून आपण अनेकदा जातो. २०१९ पासून त्या स्टेडियमला अरुण जेटली यांचे नाव आहे. तेथे नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. विजय मर्चंट १९४६ नंतर प्रथमच कसोटीत उतरले होते. वय चाळीस, मध्यंतरी प्रकृतीने साथ दिलेली नव्हती. तरीही त्यांनी १५४ धावा काढल्या. भारतीयाने कसोटीत काढलेली ती तोवरची सर्वोच्च धावसंख्या होती. आणि त्याच डावात समोर खेळणाऱ्या विजय हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून ती मागे टाकली. हजारे जन्माने सांगलीचे. आम्हीही त्याच गावचे असल्यामुळे ही आठवण आमच्या घरात वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा निघे की, सामना आम्हीच पाहिला असे आम्हांस वाटू लागले होते.

त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांनी चेंडूसाठी उडी घेतली आणि त्यांचा खांदा दुखावला. त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ज्यांची सरासरी ७१ च्या वर होती, ज्यांच्या पुढे एकटे ब्रॅडमन होते, त्या फलंदाजाची कसोटी कारकीर्द आपल्या या यमुनाकाठी एका उडीत संपली. गिरणीमालकाच्या घरचा हा मनुष्य त्यानंतर स्वस्थ बसता तरी कोणी दोष दिला नसता. परंतु ते आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर येऊन बसले. सामन्यांवर बोलू लागले, आणि पुढे विविध भारतीवरील त्यांचा क्रिकेटविषयक कार्यक्रम रविवारच्या दुपारी घरोघर ऐकला जाऊ लागला. त्यांचे बोलणे त्यांच्या फलंदाजीसारखेच होते. घाई नाही, आक्रस्ताळेपणा नाही, आकडा चुकणे नाही. मात्र मिस्कीलपणा होता. १९६० च्या जानेवारीत मुंबईस ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग यांनी अर्धशतक काढले, तेव्हा एका तरुणीने मैदानात धावत जाऊन त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. मर्चंट त्या वेळी समालोचन करीत होते. आम्ही शतके आणि द्विशतके काढीत होतो तेव्हा या धाडसी मुली कोठे होत्या, अशा अर्थाचा उद्गार त्यांच्या तोंडून निघाला. मैदान सोडल्याचे दुःख ज्याने पचविले आहे, त्यालाच असे हसता येते.

मर्चंट यांच्या आधी रेडिओवर क्रिकेट नव्हते असे नाही. १९३४ साली मुंबईच्या मैदानावरून बॉबी तल्यारखान यांनी समालोचन केले, आणि पुढे अनेक वर्षे तो आवाज म्हणजेच क्रिकेट असे समीकरण झाले. ते दिवसभर एकटे बोलत, दुसरा समालोचक शेजारी असणे त्यांस रुचत नसे. ते नामांकित समालोचक होते, परंतु त्यांची कीर्ती बोलण्याची होती. मर्चंट यांच्या रूपाने श्रोत्यांस मैदानाच्या मध्यभागी उभा राहिलेला मनुष्य बोलताना ऐकावयास मिळाला. पहिला प्रकार चित्र उभे करतो, दुसरा प्रकार त्या चित्राचे कारण सांगतो. चेंडू वळला हे कोणासही दिसते. तो का वळला आणि फलंदाजाच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, हे ज्याने तसा चेंडू खेळला आहे तोच सांगू शकतो.

आता आमच्या बालपणाकडे वळतो. आमच्या घरी रेडिओ उंच फळीवर असे आणि त्यास वडिलांखेरीज कोणी हात लावीत नसे. त्या रेडिओतून बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन येई. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी करंडकात खेळलेले होते. त्यांनी क्रिकेटला मराठी घरात पाट मांडून बसविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या आजीने उभ्या आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती, परंतु 'पायचीत' आणि 'धावचीत' यांतला फरक ती शेजारणीस समजावून सांगे. षटक, निर्धाव, यष्टिरक्षक, त्रिफळा, चौकार, षटकार, फिरकी हे शब्द शब्दकोशात वाचून कोणी पाठ केलेले नाहीत. वर्तमानपत्रांनी ते छापले, रेडिओने ते कानी घातले, आणि ज्याला खेळ आतून ठाऊक होता अशा माणसाने ते सहज उच्चारल्यामुळे ते जिभेवर बसले. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. शेवटी आम्ही पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

मर्चंट आणि पंडित यांच्या काळात समालोचन हा छंद होता, फार तर मानधनाचे काम होते. त्याचा व्यवसाय झाला तो पुढील पिढीत, आणि त्या पिढीचे अग्रणी म्हणजे सुनील गावसकर. त्यांचाही कोटल्याशी ऋणानुबंध आहे. १९८३ च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजच्या भीषण तोफखान्यासमोर त्यांनी येथेच ९४ चेंडूंत शतक पुरे केले आणि ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी केली. १९८७ च्या मार्चमध्ये अहमदाबादेस कसोटीतील दहा हजार धावा पुऱ्या करणारे ते पहिले फलंदाज ठरले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि लवकरच बोलू लागले. खेळाडू म्हणून त्यांनी कसोटीची सोळा-सतरा वर्षे काढली. समालोचक म्हणून त्याच्या दुप्पटीहून अधिक काळ ते बोलत आहेत. आजच्या शाळकरी मुलांस गावसकर म्हणजे एक आवाज आहे. तो फलंदाज होता हे त्यांस आईबापांनी सांगावे लागते.

या आवाजाच्या अधिकाराविषयी आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो केवळ ३४ शतकांतून आला असे आम्हांस वाटत नाही. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ धावा केल्या असता हेच गावसकर साठ षटके खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावांवर परत आले होते. त्या खेळीवर आजही लोक हसतात. ज्याने असा दिवस पाहिला आहे, त्याला दुसऱ्याच्या चुकीवर बोलण्याचा अधिक अधिकार आहे की कमी? आम्ही म्हणतो, अधिक. २०२४ च्या डिसेंबरात मेलबर्नच्या कसोटीत दिल्लीचा आपला ऋषभ पंत एक अवसानघातकी फटका मारून बाद झाला. त्या वेळी गावसकरांनी ध्वनिक्षेपकावर 'मूर्खपणा' या अर्थाचा शब्द लागोपाठ तीनदा उच्चारला. पुष्कळांस ते कठोर वाटले. सहा महिन्यांनी, २०२५ च्या जूनमध्ये, हेडिंग्ले येथे पंतने शतक ठोकले तेव्हा त्याच गावसकरांनी 'अप्रतिम' या अर्थाचा शब्दही तीनदाच उच्चारला. आम्ही तेव्हा घरात एकटेच टाळ्या वाजविल्या. दोषाची नोंद जितक्या ठळक अक्षरांत, गुणाची नोंदही तितक्याच ठळक अक्षरांत. आमच्या कार्यालयातील गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यांनी हा धडा घ्यावा असा आहे. त्यांत आम्हीही आलो.

आता थोडे रुक्ष परंतु आवश्यक असे सांगतो, कारण त्याचा संबंध या शहराशी आहे. दूरदर्शनचा जन्म १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीतच झाला. पुढे तीन दशके खेळ दाखवावयाचा तो दूरदर्शननेच. त्यामुळे समालोचकाच्या जागा मोजक्या आणि निवड करणारे हातही मोजकेच. १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो चषकाचे प्रक्षेपण परदेशी कंपनीस दिले, त्यावरून वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्या खंडपीठावरील ज्येष्ठ न्यायमूर्ती होते आपले पी. बी. सावंत. एक मराठी न्यायाधीश दिल्लीत बसून निकाल देतो आणि त्यामुळे देशातील शेकडो खेळाडूंस उत्तरायुष्याचे साधन मिळते, ही गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते. म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

या निकालानंतर महिन्याभरातच मुंबईचे रवी शास्त्री दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून प्रथम दिसले. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांची कसोटी कारकीर्द १९९२ च्या डिसेंबरात संपली होती. वय अवघे तीस. ज्याने १९८५ च्या जानेवारीत वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले होते, तोच मनुष्य २००७ च्या सप्टेंबरात दरबानला युवराजसिंगच्या सहा षटकारांचे वर्णन करीत होता; आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवरच धोनीच्या षटकाराने विश्वचषक आला, तेव्हाही ध्वनिक्षेपक त्याच्याच हाती होता. कोट्यवधी लोकांच्या स्मरणात ते चित्र आणि तो आवाज आता एकजीव झालेले आहेत. खेळाडू म्हणून जे क्षण त्याच्या हातून निसटले, ते बोलणारा म्हणून त्याच्या वाट्यास आले.

परंतु ही वाट फुलांची नाही. जो कालपर्यंत संघात होता, त्याने आज आपल्या सोबत्यांविषयी आणि त्यांच्या धाकट्या भावंडांविषयी खरे बोलावयाचे, हे सोपे नव्हे. त्यातून पगार देणारा आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, हे कधी एकाच छत्राखाली असतात. संजय मांजरेकर यांचे उदाहरण घ्या. विजय मांजरेकरांचा हा मुलगा स्वतः ३७ कसोटी खेळला, १९८९ मध्ये लाहोरला त्याने २१८ धावा केल्या. समालोचक म्हणून तो स्पष्ट बोलण्याबद्दल प्रसिद्ध झाला. २०१९ च्या विश्वचषकात त्याने रवींद्र जडेजाविषयी 'थोडे हे, थोडे ते' करणारा खेळाडू अशा आशयाचा शब्द वापरला. जडेजाने उपांत्य सामन्यात ७७ धावा करून उत्तर दिले, आणि मांजरेकर यांनी आपले चुकल्याचे उघडपणे मान्य केले. पुढे २०२० च्या मार्चमध्ये मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून त्यांचे नाव गेले. कोणाचे किती चुकले, याचा न्याय आम्ही येथे करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, चुकणे आणि चूक मान्य करणे हे दोन्ही श्रोत्यांसमोर करावे लागते, असा हा व्यवसाय आहे. आमच्या नोकरीत चुकीवर दुसरे टिपण चढवून ती फाईलच्या तळाशी नेता येते. ध्वनिक्षेपकास तळ नसतो.

आजवर आम्ही क्रिकेटविषयीच बोललो. आमच्या पिढीचा तो दोष आहे. मंडळातील तरुण मुलेमुली आता बास्केटबॉल खेळतात, आणि त्या खेळाच्या जगात ही वाट फार रुंद आहे. अमेरिकेतील बिल वॉल्टन याची गोष्ट आम्ही वाचली आणि थक्क झालो. हा सात फुटांच्या आसपास उंचीचा खेळाडू लहानपणापासून अतिशय तोतरा होता. चारचौघांत एक वाक्य धड बोलता येत नसे. पायाच्या दुखापतींनी तो वर्षानुवर्षे जखडला गेला, तरी १९७७ आणि १९८६ अशी दोनदा तो विजेत्या संघात होता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मार्टी ग्लिकमन नावाच्या समालोचकाने त्यास बोलण्याचा अभ्यास कसा करावा हे सांगितले. हा ग्लिकमन स्वतः धावपटू. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो ज्यू असल्यामुळेच त्यास ऐन वेळी शर्यतीतून वगळले गेले, असे तो जन्मभर सांगत आला. ज्याला धावू दिले नाही त्याने बोलण्याचा व्यवसाय पत्करला, आणि ज्याला बोलता येत नव्हते त्यास बोलते केले. वॉल्टन पुढे नामवंत समालोचक झाला आणि २०२४ मध्ये वारला तोवर त्याच्या बोलण्याला खळ पडला नाही.

इतके दूर कशाला, आपल्या दिल्लीच्या अंजुम चोप्रा पाहा. त्या भारतीय महिला क्रिकेट संघाच्या कर्णधार होत्या आणि विद्यार्थिदशेत बास्केटबॉलच्या मैदानावरही उतरलेल्या आहेत. आज त्यांचा आवाज आपण हिंदीत आणि इंग्रजीत ऐकतो. मुलीने क्रिकेटवर काय बोलावे, असे विचारणाऱ्यांस त्यांनी वाद न घालता केवळ अचूक बोलून गप्प केले.

आता मंडळातले कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मंडळाच्या युवक शाखेने वसाहतीच्या मैदानावर बास्केटबॉलचे सामने भरविले. नॉयडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथून मुले आली होती. कोणी तरी टूम काढली की, समालोचन मराठीत व्हावे. आणि आम्ही रेडिओचे भक्त म्हणून ते काम आमच्या गळ्यात पडले. आम्हीही मोठ्या ऐटीत ध्वनिक्षेपक हाती घेतला. पहिल्या तीन मिनिटांत आमची जी दाणादाण उडाली, ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये उसंत असते, येथे श्वास घेण्यासही अवसर नाही. आम्ही 'चेंडू आता निळ्या संघाकडे' असे म्हणेपर्यंत तो टोपलीतून खाली पडलेला असे. शिवाय आमच्यापाशी शब्दच नव्हते. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेतात त्यास काय म्हणावे? फळीवर आदळून परत येणारा चेंडू घेतात त्यास काय म्हणावे? आम्ही एकदा 'षटकार' म्हणून गेलो. मुले हसून लोळली.

मैदानाच्या कडेला खुर्चीवर एक मुलगा पाय पुढे करून बसला होता. तो आपल्या मंडळातल्याच एका कुटुंबातला. त्याचे नाव सांगत नाही. दोन वर्षे तो राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावर होता. मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि वैद्यांनी खेळावयाचे नाही असे सांगितले. तेव्हापासून तो मंडळात येत नसे, गणपतीतही दिसला नव्हता. त्याच्या आईने आमच्या सौ.पाशी एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते की, घरात असून तो घरात नसतो. त्या दिवशी तो का आला होता, कोण जाणे. आमची फजिती पाहून त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटले, ते आम्ही पाहिले. आम्ही ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "काका, माझं मराठी तेवढं चांगलं नाही." आम्ही म्हणालो, "बाळ, आमचे बास्केटबॉल त्याहून वाईट आहे."

तो बोलू लागला. आरंभी हिंदी, मध्ये इंग्रजी, आणि मधूनमधून मराठी. परंतु तो जे सांगत होता ते आम्हां कोणासच दिसत नव्हते. हा मुलगा डावीकडे बघतोय, पण पास उजवीकडे देणार, असे तो म्हणे आणि तसेच होई. हळूहळू शब्दही येऊ लागले. चेंडू आपटत नेण्यास तो 'टप्पे' म्हणाला. फळीवरून परत आलेल्या चेंडूस 'उसळी' म्हणाला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू काढून घेण्यास 'झडप' म्हणाला. हे शब्द त्याने कोठे शिकले? आईच्या, आजीच्या तोंडून घरात ऐकलेलेच ते शब्द होते. त्यांचा उपयोग आहे हे त्यास त्या दिवशी कळले. शेवटच्या सामन्याच्या वेळी खुर्च्यांवरच्या आजीबाईही 'झडप घातली!' म्हणून ओरडत होत्या. आम्हांस आमची आजी आठवली.

त्याचा गुडघा त्या दिवशी बरा झाला नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. तो पुन्हा खेळणार नाही. परंतु त्यानंतर तो मंडळात येऊ लागला. गेल्या गणेशोत्सवात धावण्याच्या शर्यतींचे वर्णन त्यानेच केले. या कामास जोडूनच पुढील शिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात आहे. वडिलांस काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. या व्यवसायात गावसकर-शास्त्री एखाददुसरेच होतात, बाकीच्यांस आयुष्यभर उमेदवारी करावी लागते. आम्ही त्याच्या वडिलांस इतकेच म्हणालो की, मुलगा दोन वर्षांनी बोलू लागला आहे. कशावर बोलतो याचा हिशेब मागाहून करू.

म्हणूनच मघाचा मुद्दा पुन्हा मांडतो. क्रिकेटला मराठी शब्द आहेत, कारण खेळलेली माणसे वर्षानुवर्षे मराठीत बोलली. बास्केटबॉल खेळणारी मराठी माणसे आहेत. पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या महिला संघातून खेळल्या. परंतु त्या खेळावर मराठीत बोलणारे मोजकेच, म्हणून शब्दही मोजके. भाषा केवळ ठराव करून वाढत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन भरले. आपण सारे तेथे अभिमानाने गेलो. परंतु संमेलन ज्या वास्तूत भरले ती मुळात खेळांची वास्तू आहे, हे आमच्या मनातून जात नाही. ज्या दिवशी तशाच एखाद्या वास्तूत सामना चालू असता मराठी शब्द सहज कानी पडेल, त्या दिवशी त्या अभिजातपणास पुरे वजन येईल.

हे अशक्य नाही. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने जिओसिनेमावर मराठीतूनही ऐकावयास मिळाले. पुण्याचा केदार जाधव तेथे मराठीत समालोचन करीत होता, आणि ते करीत असतानाच बंगळूरच्या संघाने त्यास बोलावून पुन्हा मैदानात उतरविले. म्हणजे ही वाट उलट्या दिशेनेही चालता येते! आमच्या वयाच्या माणसास यातून फार धीर येतो.

कार्यकारिणीपुढे आमची एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचे समालोचन यापुढे दरवर्षी मराठीत व्हावे, आणि ते ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांनी करावे. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांची नोकरी संपली, ज्यांस आता कोणी संघात घेत नाही, त्यांस आधी बोलवावे. मुले चुकीचे मराठी बोलतील. बोलू द्यावे. चुकीच्या शब्दास हसावे, परंतु बोलणाऱ्यास हसू नये.

आमच्यापुरते म्हणाल, तर निवृत्तीनंतर काय करणार या प्रश्नास आम्ही उत्तर तयार ठेवले आहे. त्या मुलाशेजारी दुसरी खुर्ची रिकामी असते. तो खेळ सांगेल, आम्ही गुण मोजू, आणि शब्द अडला तर पुरवू. त्याला आमच्याहून चांगला शब्द सुचला, तर आमचा मागे घेऊ.